प्रतिजैविकरोध: कोर्सच्या पलीकडचा, सांडपाण्याचा प्रश्न

मिरजेतल्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत लघवीच्या कल्चरचे रिपोर्ट एकापाठोपाठ एक वाचत गेले की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येऊ लागते. जिवाणूचे नाव बहुतेक वेळा ई. कोलाय असते, त्याखाली पंधरा-वीस प्रतिजैविकांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे ‘एस’ किंवा ‘आर’ असे अक्षर छापलेले असते. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. हे ‘आर’ विखुरलेले येत नाहीत, जथ्याने येतात. ज्या जिवाणूवर सेफोटॅक्सिम चालत नाही, त्याच्यावर पुष्कळदा को-ट्रायमॉक्साझोलही चालत नाही आणि जेंटामायसिनही चालत नाही. वास्तविक या औषधांचे रसायन वेगळे आणि कामाची तऱ्हाही वेगळी. पहिले जिवाणूची भिंत बांधू देत नाही, दुसरे त्याला लागणारे फोलेट तयार होऊ देत नाही आणि तिसरे त्याच्या प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेत बिघाड करते. या तिन्हींवरचा तोडगा एकाच जिवाणूला एकाच वेळी सापडला कसा? आणि ज्या रुग्णाने यांपैकी एकही औषध कित्येक वर्षांत घेतलेले नाही, त्याच्या शरीरात असा जिवाणू आला कोठून?

सार्वजनिक चर्चेत यावर एक ठरलेले उत्तर आहे. लोक कोर्स अर्धवट सोडतात, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणतात, सर्दी-पडशालाही ‘पॉवरची गोळी’ मागतात, म्हणून औषधे निकामी होतात. दवाखान्यांतले फलक हेच सांगतात, सरकारी जाहिरातीही हेच सांगतात, आणि यातले काहीही खोटे नाही. पण एवढेच सांगत राहिल्याने असा समज पक्का होतो की प्रतिजैविकरोध हा त्या-त्या रुग्णाच्या अंगात, त्याच्याच बेशिस्तीतून जन्मतो आणि प्रत्येकाने आपापले वागणे सुधारले की तो ओसरेल. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि हा समज मला अपुराच नव्हे, तर घातक वाटतो. जिवाणू प्रतिकाराची जनुके एकमेकांना देतात. एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. हा व्यवहार माणसाच्या आतड्यात होतो तसाच जनावरांच्या आतड्यात, गटारात, नाल्यात आणि नदीच्या गाळात होतो. म्हणून हा प्रश्न रुग्णाच्या शिस्तीचा आहे त्याहून अधिक गावाच्या सांडपाण्याचा आहे, आणि त्याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांच्यावर येते, असे माझे म्हणणे आहे.

ही देवाणघेवाण कळली ती जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रक्ती हगवणीवर सल्फा औषधे सर्रास वापरली गेली आणि थोड्याच वर्षांत ती चालेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन आली. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्ण स्त्रीच्या शरीरातला शिगेला हा रक्ती हगवणीचा जिवाणू या चारही औषधांना दाद देईना. नेहमीच्या समजुतीप्रमाणे एका जिवाणूच्या जनुकांत चार वेगवेगळे यादृच्छिक बदल एकत्र घडणे जवळजवळ अशक्य होते. त्याहून चमत्कारिक बाब अशी की एकाच साथीत, कधी एकाच रुग्णात, चारही औषधांना पुरून उरणारा शिगेला आणि सगळ्यांना बळी पडणारा शिगेला असे दोन्ही सापडू लागले. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की ही चौपदरी प्रतिकारशक्ती ई. कोलायकडून शिगेलाकडे केवळ स्पर्शाने जाते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये या सगळ्या कामाचा इंग्रजीत आढावा घेतला, तेव्हा कोठे पाश्चात्त्य देशांचे लक्ष तिकडे गेले. म्हणजे ही माहिती साठ वर्षांहून जुनी आहे. ती आपल्या सार्वजनिक बोलण्यात अजून उतरलेली नाही, याची मला खंत वाटते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा प्रकार एका दिवसात दाखवता येतो. ई. कोलायचे दोन प्रकार घ्यायचे. एकाजवळ अँपिसिलिनला रोखणारे प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे एक सुटे वेटोळे, असते, पण स्ट्रेप्टोमायसिनने तो मरतो. दुसऱ्याच्या मूळ गुणसूत्रातच स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिकार असतो, पण अँपिसिलिनपुढे तो टिकत नाही. दोन्ही औषधे घातलेल्या अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या खळीच्या, बशीवर दोघांना वेगवेगळे पसरले तर काहीच उगवत नाही. मग दोघांना एकाच नळीत मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवायचे आणि त्यातला थेंब तशाच बशीवर पसरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उजेडात धरली की मोहरीएवढे पांढरट ठिपके दिसतात. तो प्रत्येक ठिपका म्हणजे पहिल्याकडून प्लाझ्मिड मिळालेल्या एका जिवाणूची कोट्यवधी प्रजा. या बशीकडे पाहिल्यावर विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, ते पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून कधी विचारत नाहीत.

प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे एक छोटे, बहुधा वर्तुळाकार वेटोळे. ते गुणसूत्रापासून वेगळे राहते आणि स्वतःच्या प्रती स्वतः काढते. ज्या प्लाझ्मिडात हस्तांतराची सामग्री असते ते आपल्या यजमानाला एक बारीक तंतू उभारायला लावते, त्या तंतूने शेजारचा जिवाणू जवळ ओढला जातो आणि डीएनएचा एक धागा पलीकडे जातो. दोघेही मग आपापल्या धाग्याचा जोड पूर्ण करतात. त्यामुळे देणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि घेणारा लगेच देणारा बनतो. जिवाणूंना खाणारे विषाणूही, म्हणजे फाज, चुकून एकाचे जनुक दुसऱ्यात नेऊन सोडतात. मेलेल्या जिवाणूचा उघडा पडलेला डीएनए काही जाती आत ओढून घेतात. पण रुग्णालयांना ज्या जिवाणूंनी जेरीस आणले आहे, त्यांच्या बाबतीत मोठा वाटा प्लाझ्मिडांचा आहे.

प्लाझ्मिडावर जनुके कायमची चिकटलेली नसतात. ट्रान्सपोझॉन नावाचे डीएनएचे तुकडे एका ठिकाणाहून सुटून दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतात. मक्याच्या दाण्यांच्या रंगांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी असे उड्या मारणारे घटक ओळखले होते आणि १९८३ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. आपल्याकडे गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली सोडवून दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडतात, तसे ट्रान्सपोझॉन एका प्लाझ्मिडावरून दुसऱ्यावर जातो आणि त्याच्यासोबत त्याच्यावर चढलेला सगळा माल जातो. इंटिग्रॉन नावाची आणखी एक रचना असते. ती सुटी जनुके पकडून एकामागे एक ओळीने बसवते आणि एकाच प्रवर्तकाच्या, म्हणजे जनुके चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या, जोरावर चालवते. पहिल्या वर्गातल्या इंटिग्रॉनांमध्ये सल्फा औषधांना आणि जंतुनाशक द्रावणांना रोखणारी जनुके बहुधा आधीपासून असतात, आणि त्यांच्यापुढे इतर औषधांना रोखणाऱ्या जनुकांची भर पडत जाते. कल्चरच्या रिपोर्टवर ‘आर’ जथ्याने का येतात, याचे उत्तर येथे आहे. ती जनुके एकत्र बांधलेली असतात, म्हणून एकत्र जातात.

मूळ जनुके माणसाने निर्माण केलेली नाहीत. मातीतले सूक्ष्मजीव लाखो वर्षे एकमेकांविरुद्ध प्रतिजैविके वापरत आले आहेत आणि त्यांपासून स्वतःला वाचवतही आले आहेत. ३० हजार वर्षे गोठून राहिलेल्या जमिनीतही अशी जनुके सापडली आहेत. आपण केले ते वेगळेच. ई. जी. डी. मरे यांनी १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले आतड्यातले जिवाणू पुढे जपून ठेवले गेले आणि १९८३ मध्ये नाओमी दत्ता व त्यांच्या सहकाऱ्याने ते तपासले. एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी प्लाझ्मिडे त्यांच्यात भरपूर होती, पण प्रतिजैविकांना रोखणारी जनुके त्यांवर जवळजवळ नव्हती. म्हणजे वाहून नेणारी यंत्रणा पूर्वीपासून तयार होती आणि तिच्यावर जनुके चढली ती गेल्या ऐंशी वर्षांत, आपण औषधांचा जो प्रचंड दाब निर्माण केला त्याखाली. सेफोटॅक्सिमसारख्या तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना मोडून टाकणाऱ्या सीटीएक्स-एम या विकराचे (एन्झाइमचे) जनुक मुळात क्लुव्हेरा या फारशा उपद्रवी नसलेल्या जिवाणूच्या गुणसूत्रात निवांत बसलेले होते. एका उडत्या तुकड्याने ते उचलून प्लाझ्मिडावर ठेवले आणि त्याचा सीटीएक्स-एम-१५ हा आज जगभर पसरलेला प्रकार १९९९ मध्ये दिल्लीतल्या रुग्णांच्या जिवाणूंत प्रथम आढळला.

आता ‘औषधे कमी वापरा म्हणजे प्रतिकार आपोआप ओसरेल’ या आशेचा विचार करू. ब्रिटनमध्ये सल्फा औषधांच्या चिठ्ठ्या १९९१ मध्ये वर्षाला सुमारे ३ लाख २० हजार होत्या, त्या १९९९ मध्ये सुमारे ७ हजारांवर आल्या. एवढी घट कोणत्याही प्रचारमोहिमेला हेवा वाटावा अशी आहे. पण ई. कोलायमधला सल्फाचा प्रतिकार या काळात उतरला नाही. सुमारे ४० टक्क्यांवरून तो ४६ टक्क्यांवर गेला. कारण सल्फाचे जनुक ज्या प्लाझ्मिडांवर होते त्यांवर इतर औषधांची जनुकेही होती आणि ती औषधे चालूच होती. शिवाय अनेक प्लाझ्मिडे एक विष आणि त्यावरचा उतारा अशी जोडी स्वतःसोबत ठेवतात. उतारा लवकर नष्ट होतो, विष टिकून राहते. त्यामुळे विभाजनात ज्या पिल्लाला प्लाझ्मिड मिळाले नाही ते मरते. म्हणून औषध बंद केले तरी जिवाणूला प्लाझ्मिड सहजी टाकून देता येत नाही. औषधांचा वापर कमी करायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण पसरून बसलेली जनुके त्याने परत जात नाहीत, त्यांची वाट अडवावी लागते.

अर्धवट प्रमाणातले औषध तर ही वाट आणखी रुंद करते. १९९२ मध्ये मद्रासेत पटकीचा जो नवा प्रकार उद्भवला, त्याच्या जिवाणूत एसएक्सटी या नावाने ओळखला जाणारा एक फिरता घटक सापडला. त्यावर सल्फा, ट्रायमेथोप्रिम, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन या चौघांचा प्रतिकार होता. २००४ मध्ये असे सिद्ध झाले की सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की त्याची आणीबाणीची यंत्रणा जागी होते आणि तीच यंत्रणा या घटकाला दुसऱ्या जिवाणूत जाण्यासाठी मोकळे सोडते. जिवाणू मरणार नाही, पण घायाळ होईल इतके औषध नाल्याच्या पाण्यात असले, तर ते नुसती निवड करत नाही, हस्तांतरालाही चालना देते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात २००७ मध्ये दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळले होते. हे प्रमाण औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातल्या प्रमाणाहून अधिक होते. केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीत कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला, पण २०२१ मध्ये निघालेल्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा उरल्या नाहीत. हा निर्णय मला समर्थनीय वाटत नाही.

पाण्याचा संबंध किती थेट आहे हे दिल्लीने दाखवून दिले. कार्बापेनेम गटातली औषधे म्हणजे अतिदक्षता विभागातला जवळजवळ शेवटचा आधार. त्यांना मोडणारे एनडीएम-१ हे विकर २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूत सापडले. तो रुग्ण त्याआधी दिल्लीत रुग्णालयात राहिलेला होता. या विकराच्या नावात दिल्ली आली (‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली) म्हणून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. देशाची नाचक्की होते ही भावना समजण्यासारखी आहे, पण त्या वादात पुढची बातमी झाकली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतल्या साचलेल्या आणि वाहत्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक आढळले. पटकीच्या आणि हगवणीच्या जिवाणूंतही ते पोहोचले होते. आणि त्या प्लाझ्मिडांचे हस्तांतर ३७ अंशांपेक्षा ३० अंशांवर अधिक होत होते. ३० अंश म्हणजे आपल्याकडच्या उघड्या नाल्याचे वर्षातले कित्येक महिने असणारे तापमान.

आता सांगलीकडे पाहावे. मिरज हे रुग्णालयांचे गाव. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी येथे मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून सोलापूर, कोकण आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण येथे येत आले आहेत. मोठी रुग्णालये असणे ही अभिमानाची बाब आहे. पण जेथे गंभीर रुग्ण एकत्र येतात तेथे सर्वांत जहाल प्रतिजैविकेही एकत्र येतात, आणि त्या रुग्णांच्या विष्ठेतून व लघवीतून ती औषधे आणि त्यांना पुरून उरलेले जिवाणू दोन्ही बाहेर पडतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयातल्या द्रव कचऱ्यावर तो गटारात सोडण्याआधी प्रक्रिया झाली पाहिजे. कागदावर ती होते. मात्र टाकीत क्लोरीन किती मिनिटे राहते, पावसाळ्यात टाकी भरून वाहते काय, बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय उरते, हे नियमाने मोजून कोणी जाहीर करत नाही.

शेरीनाल्याबद्दल सांगलीकराला नव्याने काही सांगायला नको. शहराचे सांडपाणी कृष्णेला मिळते, मग मासे मरतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, पाणी उपसून धुळगावकडे नेण्याच्या योजनेची चर्चा होते आणि उन्हाळा गेला की विषय मागे पडतो. या सगळ्या चर्चेत दुर्गंधी, फेस आणि कावीळ येते. प्रतिजैविकरोध येत नाही. तो दिसत नाही, त्याला वास नाही आणि त्याने त्याच आठवड्यात कोणी आजारी पडत नाही. नाल्यातला निरुपद्रवी ई. कोलाय ज्याच्या आतड्यात गेला तो माणूस ठणठणीत राहतो. दोन वर्षांनी त्याच्या मूत्राशयात नळी घालावी लागते, किंवा त्याच्या सुनेचे सिझेरियन होते, तेव्हा ते जनुक कामाला येते. कारण आणि परिणाम यांच्यातले हे अंतर इतके लांब आहे की कोणत्याही प्रभागाच्या सभेत हा मुद्दा निघत नाही.

हा प्रश्न एकट्या सांगलीचा नाही. वेण्णेतून साताऱ्याचे, कोयनेच्या संगमापाशी कराडचे, असे वरच्या गावांचे पाणी आमच्याकडे येते आणि हरिपूरच्या पुढे आमचे शिरोळ तालुक्याकडे जाते. त्यात महापुराची भर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत गटारे, शौचालयांच्या टाक्या, गोठे, रुग्णालयांची तळघरे आणि विहिरी यांच्यात काही भेद उरला नव्हता. पूर ओसरल्यावर विहिरींत क्लोरीन टाकले जाते, ते योग्यच आहे. पण शेतात आणि घरात बसलेल्या गाळाचा या दृष्टीने कोणी विचार केलेला माझ्या पाहण्यात नाही.

जनावरे आणि पिके यांचा हिशेब वेगळा मांडता येत नाही, कारण जनुकांना तो भेद ठाऊक नाही. विट्याच्या परिसरात कोंबडीपालन मोठे आहे. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरांतल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ हे प्लाझ्मिडावर बसलेले जनुक दाखवले. कार्बापेनेमही चालत नाही तेव्हा माणसावर जे कोलिस्टिन वापरतात, त्याला ते रोखते. आणि ते फोफावले ते खाद्यात कोलिस्टिन मिसळण्याच्या प्रथेमुळे, असे मानले जाते. भारताने २०१९ च्या जुलैमध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. हा चांगला निर्णय होता. दुधाच्या बाबतीत मात्र ढिलाई आहे. गाईच्या कासेला दगडी झाली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, आणि त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचे नसते. ज्याच्या घरी दोनच गाई आहेत आणि दहा दिवसांनी दुधाचे बिल येते, त्याने ते दूध ओतून द्यावे अशी अपेक्षा करायची असेल, तर त्या दिवसांची भरपाई संघाने किंवा विम्याने दिली पाहिजे. नुसत्या सूचनेने हे होणार नाही. आणि ओतलेले दूध गोठ्याच्या नाल्यात गेले, तर ते औषधही तिकडेच जाते.

आटपाडी आणि जतच्या डाळिंब बागांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेल्या रोगाने बागाच्या बागा गेल्या, शेतकरी हवालदिल झाले आणि स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची ताम्रयुक्त औषधासोबत फवारणी करण्याची रीत पडली. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. सल्ला तसाच दिला गेला होता. पण अमेरिकेत सफरचंदाच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन फवारल्यावर तिथल्या रोगजिवाणूत जो ट्रान्सपोझॉन सापडला, त्यावरची प्रतिकाराची जनुके माणसाच्या आणि जनावरांच्या जिवाणूंतही प्लाझ्मिडांवर आढळतात. तांब्याचेही तसेच आहे. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यातल्या तांब्याने आतड्यातल्या एन्टेरोकॉकस जिवाणूंमध्ये तांबे सोसण्याचे जे जनुक वाढवले, ते प्रतिजैविकांच्या प्रतिकाराच्या जनुकांशी एकाच प्लाझ्मिडावर जोडलेले निघाले. प्रतिजैविक आणि तांबे एकाच पंपातून फवारणे म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब देणे होय. केंद्राने २०२१ च्या डिसेंबरमध्ये या दोन प्रतिजैविकांचा पिकांवरचा वापर २०२४ पर्यंत पूर्णपणे थांबवण्याचा मसुदा काढला. त्याची जागा घेणारा उपाय शेतकऱ्याच्या हाती देणे हे कृषी विद्यापीठांचे काम आहे, आणि तो नसेल तर बंदी बागेपर्यंत पोहोचणार नाही.

माझ्या मांडणीवर दोन आक्षेप येतात. पहिला शास्त्रीय आहे: सांडपाणी प्रक्रिया केंद्रातच जिवाणू दाटीवाटीने राहतात, तेव्हा तेथेच हस्तांतर अधिक होणार नाही काय? होते, तसे पुरावे आहेत. पण नीट चालणारे केंद्र विष्ठेतल्या शंभर जिवाणूंपैकी नव्वद ते नव्व्याण्णव कमी करते. उरलेल्या एक ते दहा टक्क्यांत प्रतिकारी जिवाणूंचे प्रमाण थोडे वाढले, तरी नदीत जाणारा एकूण भार कितीतरी घटतो. केंद्राचा गाळ न कुजवता शेतात टाकला तर मात्र मिळवलेले सगळे घालवले जाते, म्हणून गाळाचाही विचार त्याच आराखड्यात हवा. दुसरा आक्षेप असा की यामुळे लोकांना आपली जबाबदारी झटकायला निमित्त मिळेल. मला तसे वाटत नाही. २०१८ मध्ये अनेक देशांच्या तुलनेतून निघालेला निष्कर्ष असा होता की प्रतिकाराचे प्रमाण देशातल्या प्रतिजैविकांच्या वापरापेक्षा पायाभूत सुविधा आणि कारभाराचा दर्जा यांच्याशी अधिक जुळते. भारत व शेजारच्या देशांत फिरून गेलेल्या डच प्रवाशांच्या पाहणीत चारांतले तिघे आतड्यात ईएसबीएल विकराचे, म्हणजे सेफोटॅक्सिमसारख्या औषधांना मोडणारे, जिवाणू घेऊन परतले, असे आढळले होते. काही आठवड्यांच्या मुक्कामात त्यांनी कोणता कोर्स अर्धवट सोडला होता? जो माणूस येथेच जन्मला आणि येथलेच पाणी प्याला, त्याच्याकडे बोट दाखवून आपण जबाबदारीची जागा बदलतो.

२०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकरोधामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा आकड्यांपुढे सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकेने करण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे, आणि त्यातले पहिले काम स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ‘ट्रायसायकल’ नावाची एक पद्धत प्रसिद्ध केली. माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट मोजायची: ई. कोलायपैकी किती टक्के ईएसबीएल निर्माण करणारे आहेत. सांडपाण्याचा नमुना दोन बशांवर पसरायचा, एकीत सेफोटॅक्सिम घातलेले, दुसरीत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हींतले ठिपके मोजायचे. यासाठी लागणारा उष्मकपाट (इन्क्युबेटर) सांगलीतल्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात आहे आणि मोजणारी मुलेमुलीही आहेत. जनुकांचा सखोल तपास हवा तेथे थोडे नमुने मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतील. मुंबईत पोलिओसाठी गटारांचे पाणी २००१ पासून तपासले जाते, कोविडच्या काळात पुण्यातही सांडपाणी तपासले गेले. तेव्हा ही कल्पना आपल्याकडे परकी नाही.

नमुने घ्यायच्या जागाही उघड आहेत: शहराच्या वरच्या बाजूची कृष्णा, शेरीनाल्याचे मुख, मिरजेतल्या रुग्णालयांच्या वस्तीतले गटार, प्रक्रिया केंद्रात येणारे आणि तेथून जाणारे पाणी, चिकनच्या दुकानांमागचा नाला आणि हरिपूरच्या खालची नदी. पहिली फेरी मे महिन्यात घ्यावी, कारण तेव्हा नदीला पाणी कमी असते आणि नाल्याचा वाटा सर्वाधिक असतो. दुसरी पुराचे पाणी ओसरल्यावर घ्यावी. आकडे महापालिकेने स्वतःच्या नावाने, ठिकाणासह, प्रसिद्ध करावेत. रुग्णालयांचे गटार आणि घरगुती गटार यांच्यातला फरक किती आहे हे एकदा कळले, की प्रक्रियेवरचा पहिला रुपया रुग्णालयांच्या दारात खर्च करायचा की नाल्याच्या मुखाशी, हा वाद मताने नव्हे, मोजमापाने सोडवता येईल, आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्या कामासाठी वेगळे लेखाशीर्ष मागताना नगरसेवकांच्या हाती काही असेल.